अकराशे सहा

भंगारवाल्या चाचांनी आधी ती एका हाताने उचलून पाहिली, मग मुकाट्याने दुसरा हात लावला. माळ्यावरचा बाकीचा माल त्यांनी नुसत्या नजरेने तोलला होता. गळका बंब, सायकलची चौकट, गंजलेले पत्रे, तीन पायांचं टेबल. ही मात्र त्यांनी अंगणात उन्हात नेली, खिशातून कानशीचा तुकडा काढला आणि कडेला दोनदा घासला. "ॲल्युमिनियम नाय हे. मॅग्नेशियम आहे. ह्याचा भाव वेगळा." मग वर बघून विचारलं, "पण वस्तू काय म्हणायची ही?" मी म्हटलं, झाडं कापायची मशीन. "ते दिसतंय हो. कुठली? कंपनी कुठली, मॉडेल काय? चालू असेल तर मी तोडणार नाय, आहे तशी कुणाला तरी देईन." मला सांगता येईना. जिच्या जिवावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. चाचांनी बाकीचा माल टेम्पोत चढवला, हिशेब चुकता केला आणि मशीन पायरीवर ठेवली. "नाव कळलं की फोन करा," म्हणाले आणि गेले.

आप्पांचा लाकडाचा धंदा होता. मंडणगडच्या आसपास गावोगाव हिंडून उभी झाडं घ्यायची, सातबारा जमवायचे, वनखात्याकडून तोडीचा परवाना काढायचा, तोड झाली की ओंडक्यांवर खात्याच्या हातोडीचा शिक्का मारून घ्यायचा, वाहतुकीचा पास घ्यायचा आणि रात्री ट्रक घाटावर सोडायचा. रायवळ आंबा पेट्यांना जाई, ऐन आणि किंजळ घरांना, फणस दारं-खिडक्यांना. मशीन येण्याआधी हे सगळं कुऱ्हाडीवर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर चालायचं. मशीन कुठून आली यावर घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, दांडेलीकडे काम करणाऱ्या एका केरळी ठेकेदाराने जाताना विकली. काका म्हणतात, छे, मुंबईत लिलावात घेतली, मीच एसटीने आणली, कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत, आणि आप्पांना कुणी कधी विचारलं नाही.

मला आठवतो तो तिचा आवाज. शाळेतून येताना पऱ्याच्या पलीकडून ऐकू यायचा. लाकडात शिरली की खर्जात जायची, कापून बाहेर आली की एकदम टिपेला. मग ती बंद. मग माणसांची आरडाओरड, आणि मग झाड पडायचं, ते कानांआधी तळपायांना कळायचं. आप्पा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला पेट्रोलचा वास असायचाच, त्याखाली त्या दिवशीच्या झाडाचा. फणस कापलेल्या दिवशी हातावरच्या केसांत हळदीसारखा पिवळा भुसा अडकलेला असे आणि तो गोडसर वास जेवताना भातापर्यंत यायचा. आई त्यांचा शर्ट पडवीत झटकायची, घरात नाही. ऐनाच्या भुशाने त्यांना शिंका यायच्या. त्यामुळे आप्पा आज कुठलं झाड कापून आले हे सांगायचा आम्हा भावंडांचा खेळ होता, आणि तो आम्ही त्यांच्यासमोरच खेळायचो. त्यांना ते आवडायचं की नाही, आता सांगता येत नाही.

मशीन मी पुण्याला नेली. बायकोने बाल्कनीचा एक कोपरा दिला, पण खाली वर्तमानपत्र अंथरायच्या अटीवर. नावाची पट्टी कधीच पडलेली, तिच्या जागी रिव्हेटची दोन भोकं. रंग म्हणावा असा उरलाच नव्हता. फोटो काढून इंटरनेटवर शोधलं तर जुन्या मोठ्या मशीन सगळ्या एकाच घरातल्या वाटतात. मॅककलक, होमलाइट, पार्टनर, डोलमार; सगळ्यांचं पुढे धुराडं, मागे मूठ, वर आडवा दांडा. शेवटी पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. चेन जिच्यावरून पळते त्या पट्टीला आणि चेनला आप्पा गाडीचं जळकं ऑइल घालायचे. ते आणि भुसा मिळून जो थर झाला होता तो खरवडायला लाकडी चमचा लागला. त्या थराखाली, इंजिनच्या कवचावर, ओतीव आकडे निघाले. 1106, मग थोडी जागा, मग आणखी आकडे.

पुढचं सोपं होतं. जर्मनीची श्टील कंपनी आपल्या सुट्या भागांना जो नंबर देते त्याचे पहिले चार आकडे म्हणजे त्या मशीनचं कूळ. 1108 असेल तर 08एस, 1110 असेल तर 041, आणि 1106 म्हणजे कॉन्ट्रा, 070 आणि 090 यांचं कूळ. आन्द्रेआस श्टील याने 1926 साली श्टुटगार्टमध्ये धंदा सुरू केला. 1959 मध्ये आलेल्या कॉन्ट्राने मधले गिअर काढून टाकले आणि इंजिनची ताकद सरळ चेनला दिली. आप्पांची मशीन तिच्याच वंशातली. गंमत म्हणजे ह्या कंपनीचं भारतातलं बस्तान आज चाकणला आहे, आणि मी कित्येक वर्षं कामासाठी त्याच रस्त्याने ये-जा केलेली आहे.

कूळ कळलं, पण त्या कुळातली नेमकी कोण? त्यासाठी सिलिंडर उतरवून पिस्टन मोजावा लागतो. 090चा व्यास 66 मिलिमीटर, म्हणजे 137 सीसी. 070चा 58, म्हणजे 106. व्हर्नियर लावला, अठ्ठावन्न. बजाज चेतकचं इंजिन 145 सीसीचं होतं. म्हणजे चेतकच्या इंजिनाच्या दोनतृतीयांशाहून मोठं इंजिन, दहा किलोच्या वर वजन, त्यावर हातभर लांब पट्टी आणि पळती चेन, हे सगळं तो माणूस डोंगराच्या उतारावर, पायात स्लीपर घालून, छातीशी धरत होता.

चेनही मोजली. तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्यायचं आणि निम्मं करायचं. साडेवीस मिलिमीटर भरलं, म्हणजे पॉइंट चारशे चार इंच पिच, मोठ्या झाडांची चेन. दातांचा तो वळलेला आकार 1946 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचला. एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरत होती, सरळ रेषेतही आणि आडवीही, तेवढ्याच सहज. त्याने तिचे जबडे नीट बघितले, एक डावा, एक उजवा, आणि तसेच डावे-उजवे दात चेनला लावले. आपल्याकडे आंब्याच्या बागेत भिरूड लागली की खोडाखाली पडलेला भुसा पाहून आप्पांचं तोंड कडू व्हायचं. तार घालून ते अळी बाहेर ओढून काढत आणि पायाखाली चिरडत. मग मशीन उचलून कामाला जात.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

070चा पुढचा दांडा इंजिनच्या अंगाला थेट बोल्टने आवळलेला असतो. मध्ये रबर नाही, स्प्रिंग नाही. नंतरच्या मशीनमध्ये मुठी इंजिनपासून वेगळ्या करून रबरावर बसवल्या, कारण वर्षानुवर्षं ही थरथर हाताने झेलली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा निकामी होत जातात. थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, मग स्पर्श कमी होत जातो. आधी थंडीपुरतं, मग बाराही महिने. डॉक्टरांच्या पुस्तकात ह्या दुखण्याला नाव आहे, आणि लाकूडतोड्यांत ते आढळतं हे जगाला 1960च्या दशकातच कळून चुकलं होतं. मी हे रात्री साडेअकराला फोनवर वाचत होतो. वाचता वाचता उठून बाल्कनीत गेलो आणि दिवा लावून दांड्याकडे पाहिलं. डाव्या हाताच्या जागी चार बोटांएवढा पट्टा आरशासारखा झिजलेला.

डिसेंबरात सकाळी आप्पांच्या डाव्या हाताची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडायची. ते चुलीपुढे बसून हात शेकायचे आणि शर्टाची बटणं आई लावून द्यायची. पुढे पुढे उन्हाळ्यातही आईच लावायची. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो, आणि ते "म्हातारपणी सेवा करून घेतोय" म्हणायचे, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. स्टीलच्या पेल्यातला कढत चहा ते उघड्या बोटांनी धरायचे. पाहुणे थक्क व्हायचे, काय हात आहेत कामाचे! गावातल्या डॉक्टरने एकदा साखर तपासायला सांगितलं, साखर निघाली नाही, विषय संपला. त्यांनी तरी मशीनचा आणि बोटांचा संबंध जोडला होता का? एवढंच आठवतं की पुढे पुढे कामावर जाताना ते डाव्या हाताला सुती फडकं गुंडाळायचे. मला वाटायचं घामासाठी.

युरोप-अमेरिकेत हलक्या, रबरावर बसवलेल्या मशीन आल्या, तरी 070 ब्राझील, आफ्रिका, आग्नेय आशिया अशा ठिकाणी कितीतरी वर्षं विकली जात राहिली. कारण सरळ आहे. दणकट, कमी भागांची, कुठल्याही गावात उघडून दुरुस्त होणारी, आणि जाड बुंध्याला पुरून उरणारी. विकणाऱ्याचं खोटं नाही आणि घेणाऱ्याचंही नाही. फक्त हिशेबात बोटं कुणी धरली नाहीत. तिला चेन ब्रेकही नाही. पट्टीचं टोक लाकडात अडकून मशीन उसळली तर थांबवायला काही नाही. म्हणूनच आप्पा कामाच्या पोरांना टोकाने कापू द्यायचे नाहीत आणि स्वतः नेहमी किंचित तिरके उभे राहायचे. घरात फोटो काढतानाही ते तसेच उभे राहायचे, खांदा एका बाजूला देऊन.

झाडांचं काय, हे मला चुलतभाऊ नेहमी विचारतो. मी इथे पुण्यात रस्तारुंदीसाठी तोडलेल्या वडांवर हळहळत काहीबाही लिहितो, तो ते वाचतो आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकतो. त्याला जे म्हणायचं असतं ते मला कळतं. घरासमोरच्या डोंगरावर माझ्या लहानपणी ऐन-किंजळ होते, आता काजू आहे, आणि मधल्या काळातली तोड काही एकट्या आप्पांनी केलेली नाही, पण केलीच नाही असंही नाही. ते ग्रामदेवतेच्या राईतली वाळकी काटकीही उचलायचे नाहीत, आणि तिच्या कुंपणाबाहेरचं तीन वेंगांचं झाड दुपारच्या आत आडवं करायचे. ह्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. मला वाटते, पण ती वाटून घ्यायला लागणारी फुरसत आणि शिक्षण त्याच लाकडातून आलं, तेव्हा मी ह्या विषयावर जास्त बोलत नाही. मशीन दुरुस्त करावी की नाही यावर मात्र बरेच दिवस घुटमळलो. शोभेची म्हणून ठेवावी असं एक मित्र म्हणाला, पॉलिश करून, दिवाणखान्यात. ते मला सगळ्यांत वाईट वाटलं.

ती शेवटची चालली 2020 साली. 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंबे, फणस उन्मळून आडवे झाले. रस्ते बंद, वीज गेलेली, फोन बंद, वर टाळेबंदी. आम्ही पुण्यात बातम्यांवर गाव शोधत होतो. नंतर कळलं, आप्पांनी माळ्यावरून मशीन काढली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीने ऑइल मोजलं, लिटरला चाळीस मिली, आणि दोन पोरांना हाताशी घेऊन वाडीचा रस्ता मोकळा केला. दोरी ओढायला आणि मशीन पेलायला पोरं, कुठे आणि किती कापायचं ते सांगायला आप्पा. आडव्या पडलेल्या झाडात ताण कुठल्या बाजूला आहे हे ओळखलं नाही तर ओंडका माणसाला फेकतो. ते त्यांना बघून कळायचं. त्यानंतर टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच राहिलं. ते चिकट होऊन वाळलं, कार्बोरेटर त्यानेच चोंदला.

सुटे भाग शोधायला लागल्यावर कळलं की जुन्या वस्तूची अडचण भाग न मिळणं ही नसते, भलतेच मिळणं ही असते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ऑइल सील आणि बेअरिंगं मिळाली, कारण तिथे मशीनचं नाव कुणी विचारत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, हे तीन आकडे सांगा आणि सील घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी अगदी तशीच मूठ दिसली, ती निघाली फवारणी पंपाची. कार्बोरेटरवर टिलॉटसन अशी अक्षरं होती. ही कंपनी अजून आयर्लंडमध्ये ट्रॅलीला कार्बोरेटर बनवते, त्यामुळे डायफ्रामचा किट मिळाला. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, गाडी आडवी केली की त्याचं गणित बिघडतं. मशीन तर आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते, म्हणून हिच्यात फ्लोटऐवजी हा पातळ पडदा. जुना पडदा वाळून कडक झाला होता. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या रबराचं त्याच्याशी पटत नाही, म्हणून पेट्रोलची नळीही बदलली.

पॉइंटचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या उघडझाप टोकांचं काम केलं आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या स्कूटर मेस्त्रींनी. चेतक, लॅम्ब्रेटा, राजदूतवर त्यांचा हात बसलेला. आता स्कूटरला पॉइंटच नसतात, त्यामुळे ते दुकानात बसून मुलाच्या लॅपटॉपकडे बघत असतात. मॅग्नेट पुलरने सुटला, खाली पॉइंट दिसले, आणि त्यांनी मुलाला हाक मारली, "इकडे ये, बघ हे." बारीक पॉलिश पेपरने घासले, फीलर गेज घालून फट बसवली, स्कूटरचा कंडेन्सर बाहेरून जोडला. प्लग अंगाला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी. पैसे घेईनात. मग घेतले, पण चहा त्यांनी पाजला.

राहिली पिस्टन रिंग आणि सायलेन्सर. इथे एक विचित्र गोष्ट पुढे आली. 070ची नक्कल चीनमध्ये आजही बनते आणि आपल्याकडे ऑनलाइन सर्रास विकली जाते, वेगवेगळ्या नावांनी, भडक रंगात. त्यामुळे नकलेचे भाग असलीला लागतात. जवळजवळ लागतात. रिंग बरोबर बसली, सायलेन्सरची भोकं केसभर चुकली. मेस्त्रींनी गोल कानशीने भोक लांबट केलं आणि म्हणाले, "बसतंय. कशाला जर्मनीला पत्र लिहिताय?" मला क्षणभर वाईट वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही. पण आप्पांनी स्वतः स्टार्टरची दोरी म्हणून माशांच्या जाळ्याची दोरी घातलेली मीच कापून काढली होती. असलीपणाचा सोस त्यांना कधीच नव्हता.

मशीन पुन्हा गावी नेली ती आईच्या तगाद्यामुळे. पडवीच्या पत्र्यावर फणसाची फांदी आली होती, पावसाआधी काढायची होती, आणि तिच्या मते घरात मशीन असताना बाहेरच्याला पैसे देणं म्हणजे कमाल. मी सांगितलं, हिला चेन ब्रेक नाही, मला चालवता येत नाही, आणि त्या दांड्याला हात लावायची माझी तयारी नाही. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला कटिंगवाला पोरगा आला तेव्हा तिने त्याला चहासुद्धा जरा उशिरानेच दिला. त्याच्याकडे छोटी, हलकी, नवी मशीन. अर्ध्या तासात फांदी खाली, तुकडे रचून बाजूला, अंगणभर पिवळा भुसा. मोजे, बूट, डोळ्यांवर जाळी, सगळं होतं त्याच्याकडे, आणि ते बघून मला बरं वाटलं.

हात धुताना त्याचं पायरीकडे लक्ष गेलं. "झिरो सेव्हन्टी ना ही?" लांबूनच ओळखली. मी जे महिनोन्महिने खरवडून शोधलं ते त्याने टॉवेल खांद्यावर टाकता टाकता सांगितलं. त्याच्या उस्तादाकडे होती म्हणे, मोठा बुंधा असला की अजून लोक हीच मागतात. "चालू आहे?" मी म्हटलं बघू या. पट्टी आणि चेन काढूनच ठेवली होती. त्याने पाय मागच्या मुठीत रोवला, डाव्या हाताने दांडा दाबून धरला, नेमका त्या झिजलेल्या पट्ट्यावर, आणि दोरी ओढली. चौथ्या-पाचव्या वेळी धूर आला, मग आवाज. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोयंड्याला धरून उभी राहिली. पोरगा कान देऊन ऐकत होता. त्याने बोटाने खूण केली, कार्बोरेटरचा एलचा स्क्रू अजून थोडा उघडा, खाली रिकामी पळतेय. उघडला तसा आवाज बसला. मग बंद करून त्याने भाव विचारला.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "विकायची नाही. भाड्याने नेतोस तर ने, पण हाताला फडकं बांधून चालवायची."

"फडकं कशाला, काकी? ग्लोव्ह्ज आहेत की माझ्याकडे."

"ग्लोव्ह्जवरून बांध," आई म्हणाली, आणि भाड्याचं काय ते माझ्यावर सोपवून आत गेली.